एका हीटची पूर्ण ओळख : फौंड्रीतला डेटा एकमेकांना वाचता यावा म्हणून

मागं एका शिकाऊ पोरानं मला संगणकावर आलेख दाखवला आणि म्हणाला, "सर, इनॉक्युलेशनचा असर उतरतो म्हणतात ते आपल्याकडं लागू नाही बघा." आडव्या रेषेवर इनॉक्युलंट (लोखंड नीट गोठावं म्हणून ओतण्याआधी त्यात टाकायची भुकटी) टाकल्यापासून ओतेपर्यंतची मिनिटं, उभ्या रेषेवर टेस्ट बारची, म्हणजे चाचणीसाठी ओतलेल्या दांड्याची, ताकद. नऊ मिनिटांनी ओतलेले बार दोन मिनिटांच्या बारपेक्षाही चांगले आलेले. अर्धा दिवस आम्ही खुशीत होतो. मग मी मूळ रजिस्टर घेऊन मोल्डिंगवर, म्हणजे साचे बनतात तिथं, गेलो. ज्यानं नोंदी केल्या होत्या त्या मुकादमानं पान बघितलं आणि हसला. "नऊ न्हवं ओ, एक हाय की."

मुकादमाची शाळा मराठी, त्यानं मराठी एक लिहिला. पोराची शाळा कन्नड, पुढं डिप्लोमा इंग्रजीत. त्याला तो इंग्रजी नऊ दिसला. दोघांनीही आपापलं काम नीट केलं होतं. चुकलं ते एवढंच, की आकडे कुठल्या लिपीत लिहायचे हे कुणी कधी ठरवलंच नव्हतं.

बेळगाव भागात ओतकामाचे आणि मशीनिंगचे कारखाने दाटीनं आहेत. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथं रोज कितीतरी हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू म्हणजे एक हीट) वितळतात आणि प्रत्येक हीटमागं कागद तयार होतो. तो कागद त्या कारखान्याच्या कपाटात पडून राहतो, शेजारच्याला उपयोगी पडत नाही. आता कॉलेजांतून मशीन लर्निंगचे प्रोजेक्ट घेऊन पोरं येतात, "सर डेटा द्या" म्हणतात, आणि चार कारखान्यांच्या चार फाइली एकमेकींना जोडता येत नाहीत म्हणून रडकुंडीला येतात. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे : नुकतेच क्वालिटी लॅबला लागलेले, व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) कुठल्या तरी कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेले, किंवा दोन-तीन कारखान्यांनी मिळून काहीतरी करावं असं डोक्यात घेतलेले.

सामाईक डेटा मानक म्हटलं की लोकांना सॉफ्टवेअर आठवतं. सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी येतं. मानक म्हणजे एक लेखी करार : कुठला आकडा, कशाचा, कसा मोजला, कुठल्या एककात, आणि कुठल्या नावाखाली ठेवायचा. असा करार दोन माणसांतही होऊ शकतो आणि तिथूनच सुरू करावा.

प्रश्न एकच घ्या

पहिल्या बैठकीत प्रत्येक जण आपल्या मनातलं सगळं सांगतो. वाळूची ओल, विजेचा वापर, रिजेक्शन, भंगाराचा भाव, कामगारांची पाळी. ऐंशी रकान्यांचा तक्ता होतो, सगळे माना डोलावतात आणि तो तक्ता कुणीही भरत नाही. मी स्वतः असा एक तक्ता केला होता, म्हणून अधिकारानं सांगतो.

त्यापेक्षा एक धातू घ्या, एक प्रश्न घ्या. आपल्याकडं सोपं म्हणजे साधं बीड, ग्रे आयर्न, आणि त्यातलीही एकच ग्रेड, म्हणजे ताकदीची प्रत : एफजी २६०. प्रश्न असा : रासायनिक घटक जवळपास सारखे असूनही दोन कारखान्यांच्या बारची ताकद वेगळी का येते? ह्या प्रश्नाला लागतील तेवढेच रकाने. आमचे पहिल्या फेरीत चौदा झाले. रिजेक्शन त्यात नव्हतं, विजेचं बिल नव्हतं. ज्यांना ते हवं होतं ते थोडे रुसले.

असं छोटं सुरू करण्याला जगात चांगला दाखला आहे. स्फटिकांची रचना अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये सीआयएफ नावाची फाइल-पद्धत आणली. तिला त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं उचलून धरलं. त्यांनी सगळ्या पदार्थविज्ञानाचा डेटा बांधायला घेतला नाही, स्फटिकाची रचना एवढंच घेतलं. प्रत्येक नोंदीला ठरलेलं नाव, आणि त्या नावाचा अर्थ व एकक सांगणारा सामाईक शब्दकोश. पुढं त्यांच्या नियतकालिकांनी रचना छापायची तर ह्या फाइलीतच द्या असा आग्रह धरला, आणि फाइल आपोआप तपासणारी यंत्रणाही आली. तीस वर्षांनंतरही ती पद्धत चालू आहे. आपल्याला संपादक मिळणार नाहीत, पण माल घेणारा ग्राहक तीच भूमिका करू शकतो. त्याच्याकडं पुढं येतो.

हीटच्या मागून चालत जा

प्रश्न ठरला की संगणकासमोर बसू नका. एक हीट पकडा आणि चार्जिंगपासून (भट्टीत माल भरणं) फेटलिंगपर्यंत (ओतलेली वस्तू, म्हणजे कास्टिंग, घासून साफ करणं) तिच्या मागून चाला. जिथं कुणी काही लिहितो, तिथं थांबा आणि त्या पानाचा फोटो काढा. भट्टीवरची पाटी, स्पेक्ट्रोची (ठिणगी पाडून धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राची) छापील चिठ्ठी, ओतणाऱ्याची वही, वाळूच्या लॅबचं रजिस्टर, हार्डनेस टेस्टिंगचा कागद, कधीकधी नुसता खडूनं साच्यावर लिहिलेला नंबर. ह्या खडूच्या नंबराला कमी लेखू नका, बऱ्याच ठिकाणी हीट आणि कास्टिंग यांना जोडणारा तेवढा एकच दुवा असतो.

मग शब्द गोळा करा. आमच्या भागात हे काम मजेचं आहे. एकाच गोष्टीला मोल्डिंगवर वाळू, दुसऱ्या पाळीत मरळु, उत्तरेकडून आलेल्या कामगारांत रेती आणि ऑफिसात सँड म्हणतात. दोषांच्या नावांत तर गोंधळच गोंधळ. वायूमुळं पडलेलं भोक आणि आक्रसल्यामुळं पडलेली पोकळी, दोन्हींना एका कारखान्यात सरसकट "होल" म्हणत होते. कारणं वेगळी, इलाज वेगळे, रकाना एक.

इथं "कुठली भाषा ठेवायची" हा वाद उठतो. आमच्याकडं पाट्यांवरून पुरेसे वाद झाले आहेत, रकान्यांवरून नवे नकोत. उपाय सोपा आहे : साठवायचा तो सांकेतिक कोड, दाखवायचे ते शब्द. वायूच्या भोकाचा कोड समजा बी१. फॉर्म भरताना मराठी माणसाला मराठी, कन्नड माणसाला कन्नड, इंजिनिअरला इंग्रजी नाव दिसतं; फाइलीत जातो तो बी१. दोषांसाठी स्वतःचे कोड काढायचीही गरज नाही. फौंड्री संघटनांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं ए ते जी असे सात गट फार पूर्वीच पाडून ठेवले आहेत : बाहेर आलेला फालतू धातू, पोकळ्या, तडे, खराब पृष्ठभाग, अपुरं कास्टिंग, चुकलेलं माप, आणि आत अडकलेला मळ किंवा बिघडलेली रचना. त्यातला आपल्याला लागणारा भाग उचला.

आकड्यांचंही तेव्हाच ठरवा. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी चार घाईत लिहिला तर इंग्रजी आठसारखा. कन्नड अंकांची आणखी वेगळी तऱ्हा. आम्ही ठरवलं, की हाताची नोंद ज्याला जशी येते तशी त्यानं करावी, पण पानाच्या वर एक चौकोन असेल आणि त्यात लिहिणाऱ्यानं शून्य ते नऊ आपल्या हातानं एकदा लिहून ठेवायचे. पुढं टाइप करणारा शंका आली की वर बघतो. ह्याला पैसे लागले नाहीत.

आकड्याची अट आकड्याबरोबर

आता मुख्य काम. इथं घाई केलीत तर बाकी सगळं वाया.

जमिनीचं बघा. चाळीस गुंठ्यांचा एकर, हे निपाणीच्या अलीकडंही तेच आणि पलीकडंही तेच. राज्य बदललं, उताऱ्याचा नमुना बदलला, कागदाची भाषा बदलली. पण गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट हे दोघांना ठाऊक आहे म्हणून सीमेवरचा व्यवहार अडत नाही. फौंड्रीत मात्र आपण "ताकद २६०" लिहितो आणि समजतो की सगळ्यांना कळलं.

एफजी २६० हे आयएस २१० ह्या भारतीय मानकातलं नाव. त्यातला २६० म्हणजे किमान २६० मेगापास्कल ताण-ताकद, आणि ती मोजायची कुठं? वेगळ्या ओतलेल्या, सुमारे ३० मिलिमीटर व्यासाच्या टेस्ट बारवर. कास्टिंगच्या जाड भागातून कापलेल्या तुकड्यावर नाही. जाड भाग सावकाश थंड होतो, त्यात ग्राफाइट (धातूत वेगळा पडलेला कार्बन) मोठं होतं, ताकद कमी येते. दोन्ही आकडे खरे, पण एका रकान्यात बसवले की खोटे. म्हणून ताकदीच्या शेजारी हवं : बार वेगळा ओतलेला, कास्टिंगला जोडून ओतलेला, की कास्टिंगमधून कापलेला.

ग्रेडच्या "बरोबरीच्या" तक्त्यांपासून सावध राहा. अमेरिकन एएसटीएम ए४८ मध्ये क्लास ३५ म्हणजे दर चौरस इंचाला ३५ हजार पौंड, म्हणजे सुमारे २४१ मेगापास्कल. क्लास ४० म्हणजे सुमारे २७६. आपलं २६० दोघांच्या मध्ये पडतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र एका ओळीत "एफजी २६० = क्लास ४०" छापलेलं असतं. डेटामध्ये ग्रेडचं नाव जसं कागदावर आहे तसं, मानकाच्या क्रमांकासह लिहा. भाषांतर करू नका. जुन्या सर्टिफिकेटांवर किलोग्रॅम-बल प्रति चौरस मिलिमीटर असतं, ते ९.८०७ नं गुणायचं. "२६" लिहिलं असेल तर ते २५५ मेगापास्कल होतं, २६० नव्हे. दहानं गुणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतील.

कार्बनची गोष्ट आणखी नाजूक. स्पेक्ट्रोवर ठेवायचा नमुना तांब्याच्या साच्यात झटकन गोठवून पांढरा व्हायला हवा. नमुन्यात ग्राफाइट सुटलं असेल तर ठिणगी कार्बन नीट मोजत नाही. सीई कपात धातू कसा गोठतो ते बघून काढलेला कार्बन वेगळ्या वाटेनं आलेला असतो. भट्टीत जाळून काढलेला तिसऱ्या. तिघांच्या नावापुढं फक्त "कार्बन ३.४०" लिहिलंत तर नंतर कुणालाच त्यातला फरक उलगडणार नाही. पद्धतीचा रकाना ठेवा.

तेच कार्बन इक्विव्हॅलंटचं, म्हणजे सीईचं : सिलिकॉन-फॉस्फरसचा असरही कार्बनच्या हिशेबात धरलेला एकच आकडा. एका कारखान्यात कार्बन अधिक सिलिकॉन व फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा, असं सूत्र. शेजारी सीई मीटर लिक्विडसवरून (धातू गोठायला लागतो त्या तापमानावरून) चालतो, तिथं कार्बन अधिक सिलिकॉनचा चौथा हिस्सा अधिक फॉस्फरसचा अर्धा. कार्बन ३.४०, सिलिकॉन २.००, फॉस्फरस ०.०६ घ्या. पहिल्या सूत्रानं ४.०९ येतात, दुसऱ्यानं ३.९३. धातू तोच, आकड्यांत ०.१६ चं अंतर. एवढ्या अंतरावर भट्टीवाला चार्ज बदलतो! आम्ही शेवटी असं ठरवलं, की काढलेला सीई साठवायचाच नाही. मूळ तीन घटक साठवा, सूत्र ज्याचं त्यानं नंतर लावावं. हा नियम बाकी ठिकाणीही उपयोगी पडतो : मोजलेलं ठेवा, हिशेब केलेलं ठेवायचं झालं तर सूत्रासह.

कडकपणा घ्या. ब्रिनेलमध्ये, म्हणजे गोळा दाबून उठलेला खड्डा मोजायच्या पद्धतीत, १० मिलिमीटरचा गोळा आणि ३००० किलोचा भार, हे एचबीडब्ल्यू १०/३००० असं लिहितात. ५ मिलिमीटर आणि ७५० किलोही चालतं, कारण भार आणि व्यासाच्या वर्गाचं प्रमाण दोन्हीकडं ३०च राहतं. पण खिशातल्या हार्डनेस टेस्टरनं, आपटलेलं टोक किती उसळतं त्यावरून मोजलेला आणि आतल्या तक्त्यानं ब्रिनेलमध्ये बदललेला आकडा ह्या पंक्तीत बसवू नका. शिवाय कुठं मोजला? ओतीव कातडीवर, की घासून खाली गेल्यावर? पातळ फ्लँजवर (कडेच्या पट्टीवर), की जाड बॉसवर (फुगीर भागावर)? आमच्या फॉर्मवर कास्टिंगचं छोटं चित्र आहे आणि जागेला क्रमांक दिले आहेत. लिहिण्यापेक्षा बोट दाखवणं सोपं.

मला सगळ्यात जास्त घाबरवणारं उदाहरण ग्राफाइटचं. आयएसओ ९४५ च्या तक्त्यात आकार एक म्हणजे पापुद्र्यासारखं ग्राफाइट, साध्या बिडातलं. आणि आकार सहा म्हणजे गोल गुठळी, एसजी आयर्नमधली (गोल ग्राफाइटचं, ताणलं तरी पटकन न तुटणारं बीड). एएसटीएम ए२४७ च्या जुन्या तक्त्यात टाइप एक म्हणजे गोल गुठळी, आणि पापुद्रा टाइप सातमध्ये. अगदी उलट. रिपोर्टवर "टाइप १, ९० टक्के" एवढंच असलं, तर तो उत्तम एसजी आयर्नचा रिपोर्ट आहे की साध्या बिडाचा, हे तक्त्याचं नाव कळल्याशिवाय सांगता येत नाही. एसजीचा माल घेणाऱ्यासाठी हा फरक म्हणजे गाडीचा भाग टिकणं आणि तुटणं यातला फरक.

एसजीकडं वळालात तर लांबण्याची टक्केवारीही अशीच बघा. भारतीय आणि आयएसओ पद्धतीत मोजायची लांबी व्यासाच्या पाचपट, अमेरिकन गोल बारला चौपट. तुटलेल्या जागेजवळच धातू जास्त ताणला गेलेला असतो, त्यामुळं लांबी आखूड घेतली की टक्केवारी फुगते. तोच बार एका लॅबमध्ये सात टक्क्यांना जेमतेम पास आणि दुसरीकडं आरामात.

इनॉक्युलेशनची वेळ तुम्हाला आठवतच असेल. इनॉक्युलंट टाकल्यापासून मिनिटागणिक असर उतरत जातो. म्हणून "इनॉक्युलंट ०.३ टक्के" एवढं पुरत नाही, लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) टाकलं की ओततानाच्या धारेत, आणि साचा भरेपर्यंत किती मिनिटं गेली, हे हवं. ओतण्याचं तापमान धातूत बुडवून मोजलं की लांबून पायरोमीटरनं, हेही.

प्रत्येक रकान्यासाठी ही माहिती एका पानावर लिहा : नाव, साध्या मराठीत अर्थ, एकक, मोजायची पद्धत व मानकाचा क्रमांक, कुठल्या मर्यादेत येणं शक्य आहे, आणि एक उदाहरण. ह्या पानांच्या गठ्ठ्याला डेटा डिक्शनरी म्हणतात. तुमचं मानक म्हणजे खरं तर हा गठ्ठाच. भारतीय मानक ब्युरोची बहुतेक मानकं त्यांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून मोफत मिळतात, तेव्हा कुणाच्या तरी झेरॉक्सच्या झेरॉक्सवर विसंबू नका.

लिहिण्याच्या बारीक सवयी

ह्या भागात काही गंमत नाही, पण दुखणी इथंच होतात.

एकक रकान्याच्या नावातच ठेवा, आकड्यापुढं नको : "ताकद_एमपीए" आणि खाली नुसता २६८. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, २०२५-०४-०३. नाहीतर ३/४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे ज्याच्या त्याच्या संगणकाच्या मनावर.

हीट नंबरचा रकाना आधी "मजकूर" म्हणून ठरवा आणि मगच त्यात काही टाका. एक्सेल "३-१२" ला तारीख करतं, "००४५" चं ४५ करतं, आणि पाचव्या भट्टीवर कुणी "१२ई४" असा नंबर दिला असेल तर तो एक लाख वीस हजार होतो. जीवशास्त्रज्ञांची ह्याच खोडीनं इतकी दमछाक झाली, की २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावंच बदलण्यात आली. आपल्याला नावं बदलायची नाहीत, रकान्याचा प्रकार बदलायचा आहे.

रिकामा चौकोन, शून्य, "मोजलं नाही" आणि "यंत्राला दिसलं नाही इतकं कमी" ह्या चार वेगळ्या गोष्टी आहेत. मॅग्नेशियमच्या रकान्यात शून्य म्हणजे काय? आम्ही तीन कोड ठरवले आणि शून्य हा फक्त खरोखर मोजून आलेल्या शून्यासाठी राखला. लहान वाटतं, पण सरासरी काढणाऱ्याला ह्यानंच सगळ्यात जास्त फसवलं होतं.

ओळख कुणाची?

एका मोठ्या तक्त्यात सगळं कोंबायचा मोह होतो. पण एका हीटमधून तीन बार ओतले, प्रत्येक बारवर दोन चाचण्या झाल्या, आणि चाळीस कास्टिंग निघाली, तर ती ओळ किती लांब करणार? चार तक्ते करा : हीट, नमुना, चाचणी, कास्टिंग. नमुन्याच्या ओळीत हीटचा क्रमांक, चाचणीच्या ओळीत नमुन्याचा क्रमांक. घरातल्या माणसांना आडनाव असतं तसं. बार हरवला तरी कळतं की तो कुणाच्या घरातला होता.

हीटचा क्रमांक सगळ्या कारखान्यांत मिळून एकदाच यायला हवा. कारखान्याचा कोड, तारीख, भट्टी, त्या दिवसातला क्रम, बस. दर एक एप्रिलला पुन्हा एकपासून सुरुवात करणारे नंबर जसेच्या तसे घेऊ नका, दोन वर्षांत एकमेकांवर चढतात.

गावाच्या नावाबद्दल एक बाजूची गोष्ट. आमच्या पहिल्या तीन फाइलींत आमचंच शहर पाच प्रकारे लिहिलेलं होतं : बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम आणि एकात नुसतं बीजीएम. सरकारी नाव २०१४ च्या एक नोव्हेंबरला बदललं, लोकांच्या हाताचं वळण बदललं नाही, आणि त्यावर कुणाशी भांडण्यात अर्थ नव्हता. आम्ही पिनकोड ठेवला. ५९०००८ वर अजून कुणाचा आक्षेप आलेला नाही.

फाइल, आणि जगात काय चाललंय

साधी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामानं रकाने वेगळे केलेला नुसता मजकूर), यूटीएफ-८ मध्ये (मराठी-कन्नड अक्षरंही सांभाळणारी पद्धत), सोबत डिक्शनरीची फाइल. सुरुवातीला पुरे. डेटाबेस नंतर करा.

पण नवं नाव काढण्याआधी इतरांनी काय केलंय ते एकदा बघा. १९८२ च्या व्हर्साय शिखर परिषदेतून व्हामास नावाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प निघाला, तो नव्या पदार्थांच्या चाचण्यांच्या पद्धती देशादेशांत जुळाव्यात म्हणून. अमेरिकेनं २०११ मध्ये मटेरियल्स जीनोम इनिशिएटिव्ह सुरू केला. नवा पदार्थ शोधून वापरात आणायला लागणारी वर्षं कमी करायची हा हेतू, आणि त्यासाठी डेटा वाटून घेणं हा पाया. २०१६ मध्ये फेअर तत्त्वं मांडली गेली : डेटा सापडावा, हाती यावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा. "हाती यावा" म्हणजे फुकट आणि उघडा असा अर्थ नाही. कुणाला, कुठल्या अटीवर मिळेल हे स्पष्ट असावं, एवढंच. संगणकावर हिशेब करून पदार्थांचे गुणधर्म काढणाऱ्या मटेरियल्स प्रोजेक्ट, नोमॅड, एफ्लो अशा मोठ्या साठ्यांनी ऑप्टिमेड नावाची एक सामाईक पद्धत केली आहे. एकच प्रश्न एकाच शब्दांत सगळ्यांना विचारता येतो.

त्यांचं काम आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही. तिथला पदार्थ अणूंच्या शुद्ध रचनेत असतो, आपला लॅडलमध्ये, पावसाळ्यातल्या ओल्या वाळूत. पण प्रत्येक नावामागं सामाईक अर्थ असावा ही सवय त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

फोन न करता कळलं पाहिजे

कागदावरचं मानक खरं की खोटं, हे बघायची माझी एकच कसोटी आहे. एका कारखान्यानं वीस हीटची फाइल भरायची. दुसऱ्यातल्या, त्या बैठकीला नसलेल्या माणसानं ती उघडायची आणि तीन प्रश्नांची उत्तरं काढायची. त्याला फोन करावा लागला, तर तो प्रश्न डिक्शनरीत जातो. पहिल्या फेरीत आमच्याकडं अकरा फोन झाले. त्यातला एक असा : "सँड टेम्परेचरखाली ‘गरम’ लिहिलंय, ते किती?"

नंतर एकाच लॅडलमधून बारा बार ओता आणि तीन लॅबना चार-चार पाठवा. आकडे जवळ आले तर उत्तम. नाही आले, तर तो डेटाचा दोष नव्हे, यंत्राच्या कॅलिब्रेशनचा किंवा बार घडवण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो आत्ता कळलेला बरा. ह्यात एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली एक तरी लॅब घ्या, म्हणजे वाद झाला तर टेकायला भिंत असते.

मालक लोक काय म्हणतील

काय म्हणतील? "आमचं रिजेक्शन शेजाऱ्याला कशाला सांगू?" आणि त्यांचं बरोबर आहे. ग्राहकाचं नाव, भाव, ड्रॉइंग आणि चार्जचं नेमकं मिश्रण बाहेर जाऊ नये. फाइलीत ग्राहकाच्या जागी कोड ठेवा आणि कोडाची चावी ज्याच्या त्याच्या कारखान्यात. एकूण रिजेक्शन मागूच नका. दोषाचा प्रकार आणि त्या हीटची परिस्थिती मागा. ग्राहकाशी गोपनीयतेचा करार झालेला असतो, तो आधी वाचा. विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टसाठी डेटा घेतला तर तो छापता येईल की नाही, हे सुरुवातीलाच एका ओळीत लिहून सही घ्या. तोंडी "बघू की नंतर" वर प्रबंध अडकलेला मी पाहिलाय.

मालकांना पटवायला भाषणाचा उपयोग होत नाही, ग्राहकाचा होतो. पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या ग्राहकाला तीन पुरवठादारांचे टेस्ट सर्टिफिकेट एकाच नमुन्यात मिळाले, की तो चौथ्यालाही तसंच मागतो. नियतकालिकांनी सीआयएफच्या बाबतीत केलं ते हेच. म्हणून तुमच्या कराराचं पहिलं बाहेर दिसणारं रूप टेस्ट सर्टिफिकेट ठेवा. तो कागद सगळ्यांना ओळखीचा आहे.

मानकाला आवृत्ती क्रमांक द्या : ०.१, ०.२. बदल सुचवायला कुणालाही मुभा, पण डिक्शनरीत हात घालणारा माणूस एकच असावा. दर बदलाची तारीख आणि कारण एका ओळीत. जुन्या फाइली जुन्या आवृत्तीच्या नावानंच राहू द्या. त्या मागं जाऊन "सुधारू" नका, त्यातून झालेलं नुकसान सापडतही नाही.

आमची आवृत्ती सध्या ०.३ आहे. तिच्यात "गरम" काढून अंश सेल्सिअस आलं आणि पानाच्या वरचा अंकांचा चौकोन सक्तीचा झाला. निपाणीकडचे एक जण विचारत होते, एसजी आयर्न कधी घेणार? त्यांना सांगितलं, गुठळ्यांची संख्या कोण मोजतो, किती पट मोठं करून मोजतो, आणि मॅग्नेशियम टाकल्यापासून ओतेपर्यंतची वेळ घड्याळानं लिहिता की अंदाजानं, हे तुमच्या शेवटच्या वीस हीटच्या मूळ वह्यांतून घेऊन या. टाइप केलेली फाइल नको, वह्याच आणा.